एसडीआय राउटर: टेक घेताना (सोर्स बदलताना) चित्र उडतं, लांब केबलवर ठिपके येतात, सिरियल कंट्रोलला एकच डेस्टिनेशन दाद देत नाही

रॅकमागून

नमस्कार मंडळी. ४० × ४० चा ३जी-एसडीआय राउटर आहे, म्हणजे ४० पैकी कुठलाही डिजिटल व्हिडिओ सोर्स ४० पैकी कुठल्याही आउटपुटवर (डेस्टिनेशनवर) लावणारं यंत्र. सिंक जनरेटरवरून त्याला ब्लॅक बर्स्ट (सगळ्या उपकरणांची वेळ जुळवणारा रेफरन्स सिग्नल) दिलेला आहे. सोर्स म्हणजे सीसीयूमधून (कॅमेरा कंट्रोल युनिटमधून) येणारे ६ कॅमेरे, २ प्लेआउट सर्व्हर, १ ग्राफिक्स मशीन आणि एचडीएमआय-एसडीआय कन्व्हर्टरमधून येणारे २ लॅपटॉप. सगळं काम १०८०आय/५० (इंटरलेस्ड, म्हणजे एक फ्रेम दोन फील्डमध्ये) मध्ये चालतं, पण एक स्टुडिओ आता १०८०पी/५० (प्रोग्रेसिव्ह, म्हणजे अख्खी फ्रेम एकदम) वर नेला आहे. चार प्रश्न आहेत.

१) एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर गेलं तर आउटपुट स्वच्छ बदलतं. ग्राफिक्सवर गेलं की मॉनिटर क्षणभर काळा होतो. लॅपटॉपवर गेलं की हमखास होतो, आणि जास्त वेळ. मॅन्युअलमध्ये तर "व्हर्टिकल इंटरव्हलमध्ये स्विचिंग" (म्हणजे दोन चित्रांमधल्या न दिसणाऱ्या ओळींवर) असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

२) एका कॅमेऱ्याची केबल साधारण ९५ मीटर आहे. १०८०आय/५० ला निर्दोष, १०८०पी/५० ला ठिपके आणि मधूनच काळं.

३) पायथॉन स्क्रिप्टने सिरियल पोर्टवरून एसडब्ल्यू-पी-०८ (राउटर कंट्रोलचा प्रोटोकॉल) वापरून क्रॉसपॉइंट, म्हणजे सोर्स-डेस्टिनेशनची जोडणी, बदलतो. १६ वं डेस्टिनेशन चालतं, १८ वं चालतं, १७ वं अजिबात नाही. पॅनेलवरून मात्र १७ वं व्यवस्थित बदलतं.

४) ३१ व्या डेस्टिनेशनला उलटा प्रकार. स्क्रिप्टला पोच मिळते, पण सोर्स बदलत नाही.

क्रॉसपॉइंट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर राउटरच्या आतल्या रचनेतच आहे, म्हणून ती आधी बघू.

प्रत्येक इनपुटवर केबल इक्वलायझर असतो. केबलमध्ये वरच्या फ्रीक्वेन्सी जास्त क्षीण होतात, त्या तो पुन्हा उचलतो. पुढे क्रॉसपॉइंट मॅट्रिक्स. तिथे प्रत्येक आउटपुटसाठी "कुठलं इनपुट" एवढा एकच आकडा साठवलेला असतो. म्हणून एक इनपुट हव्या तितक्या आउटपुटना जाऊ शकतं, पण एका आउटपुटला एका वेळी एकच इनपुट मिळतं. तुमच्या राउटरमध्ये असे १,६०० छेद आहेत. १,१५२ × १,१५२ च्या फ्रेममध्ये ते १३,२७,१०४ होतात, त्यामुळे मोठ्या फ्रेम एका चिपवर मावत नाहीत आणि त्यांच्यात कार्डं व मिडप्लेन येतात. मॅट्रिक्सनंतर रिक्लॉकर बिट्सना नवी, स्वच्छ लय देतो आणि शेवटी ७५ ओहमचा केबल ड्रायव्हर सिग्नल ८०० मिलिव्होल्टवर बाहेर पाठवतो.

या संपूर्ण वाटेत चित्र साठवणारी मेमरी कुठेही नाही. साध्या राउटरला फ्रेम कुठे सुरू झाली हे आत आलेल्या चित्रावरून कळत नाही. तो फक्त रेफरन्सकडे बघतो, आणि रेफरन्सच्या हिशेबाने ठरलेली ओळ आली की आकडा बदलतो. ही ओळ एसएमपीटीई या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या आरपी १६८ मध्ये दिलेली आहे: १०८० च्या फॉरमॅटना ओळ ७ (इंटरलेस्ड असेल तर दुसऱ्या फील्डमध्ये ५६९), ७२०पी ला ओळ ७, ६२५ ला ६ आणि ३१९, ५२५ ला १० आणि २७३.

त्या क्षणी दोन्ही सोर्स खरोखर ओळ ७ वरच असतील, तरच बदल चित्राबाहेर होतो. कॅमेरे जेनलॉक आहेत, म्हणजे रेफरन्सशी बांधलेले आहेत, म्हणून ते स्वच्छ बदलतात. ग्राफिक्स काही ओळी मागेपुढे असेल तर बदलाच्या क्षणी रिसीव्हरला ईएव्ही-एसएव्हीच्या (ओळीतलं चित्र कुठे संपतं आणि सुरू होतं ते सांगणाऱ्या) खुणा अपेक्षेपेक्षा वेगळ्या जागी सापडतात. त्याचं लॉक सुटतं, आणि नवीन लॉक मिळेपर्यंत बरेच मॉनिटर मुद्दाम काळं दाखवतात. मॅन्युअल खोटं बोलत नाही. राउटर व्हर्टिकलमध्येच बदलतोय, फक्त ते व्हर्टिकल रेफरन्सचं आहे, ग्राफिक्सचं नाही.

वेव्हफॉर्म मॉनिटरला बाहेरून तोच ब्लॅक बर्स्ट द्या, टायमिंग डिस्प्ले उघडा आणि एकाच राउटर आउटपुटवर एकेक सोर्स आणून ओळींचा व मायक्रोसेकंदांचा फरक लिहून काढा. १०८०आय/५० ची एक ओळ ३५.५६ मायक्रोसेकंदांची असते आणि स्विचिंगची खिडकी त्या ओळीचा एक भागच आहे. सोर्स एकमेकांपासून एक-दोन मायक्रोसेकंदांच्या आत आणलेत की निश्चिंत राहता येतं.

केबलची लांबी जुळवत बसू नका. चांगल्या फोम केबलमध्ये एका मीटरला सुमारे ४ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे १०० मीटरला ०.४ मायक्रोसेकंद, एचडीमध्ये फार तर ३० पिक्सेल. राउटरला त्याने काही फरक पडत नाही. अॅनलॉग कॉम्पोझिटच्या काळातली केबल कापून फेज जुळवायची सवय इथे फक्त वेळ खाते.

बीएनसी७५

दुसरा प्रश्न.

१०८०आय/५० म्हणजे १.४८५ गिगाबिट, १०८०पी/५० म्हणजे २.९७ गिगाबिट. केबलचा क्षय साधारण फ्रीक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. बिटरेट दुप्पट झाला की त्याच केबलवर डेसिबलमधला क्षय सुमारे १.४ पट होतो आणि पोहोच ७० टक्क्यांवर येते. आरजी-६ जातीच्या चांगल्या डिजिटल व्हिडिओ केबलवर निम्म्या क्लॉक फ्रीक्वेन्सीला २० डेसिबल क्षय हा जुना, सावध हिशेब धरला तर एचडीला साधारण ११० मीटर मिळतात आणि ३जीला ७५ च्या आसपास. तुमचे ९५ मीटर नेमके या दोन आकड्यांच्या मध्ये आहेत. नवे इक्वलायझर यापेक्षा पुढे जातात, पण त्या भरवशावर नवीन केबल ओढू नये.

एसडीआय हळूहळू बिघडत नाही. कडेपर्यंत सगळं सुंदर दिसतं आणि पुढच्या काही मीटरमध्ये चित्र कोसळतं. त्यामुळे "दिसतंय ना नीट" ही परीक्षा होऊच शकत नाही. एचडी आणि ३जीमध्ये प्रत्येक ओळीला सीआरसी (चूक पकडणारा तपासणीचा आकडा) असतो, त्याच्या चुका मोजा. त्या इनपुटवर १५-२० मिनिटांत एकही चूक येता कामा नये. त्यानंतर आरपी १९८ चा पॅथॉलॉजिकल पॅटर्न लावा, म्हणजे अर्धा पडदा जांभळट आणि अर्धा राखाडी दिसतो तो. त्यात एकसारखे बिट लांबवर येत राहतात, त्यामुळे इक्वलायझर आणि पीएलएल (बिट्सची लय पकडणारं सर्किट) दोघांवर खरा ताण पडतो. कलर बार पास आणि हा पॅटर्न नापास, असं झालं तर ती वाट कडेवर उभी आहे हे नक्की.

राउटरच्या आउटपुटवर सिग्नल नव्याने तयार होतो. म्हणून इनपुटकडच्या केबलचा आणि आउटपुटकडच्या केबलचा हिशेब वेगवेगळा करायचा. ६० मीटर आत आणि ६० मीटर बाहेर असेल तर ३जीला काही अडचण नाही. उलट बाजू अशी की इनपुटला बिट चुकला असेल तर रिक्लॉकर तो चुकीचाच बिट नीटनेटका करून पुढे देतो. आउटपुटवर डोळा-आकृती (स्कोपवर दिसणारा सिग्नलचा आकार) सुंदर आणि सीआरसी चुका मात्र भरपूर, असं दिसलं तर दोष राउटरच्या आधी आहे.

केबल बदलण्यापूर्वी एवढं तपासा. मधे पॅच बे आहे का? असेल तर तो वळसा टाळून थेट लावून बघा. बीएनसी खरोखर ७५ ओहमचे आहेत का? ५० ओहमचे बसतात आणि एसडीला चालूनही जातात, ३जीला परावर्तनामुळे नडतात. कुठे टी-जोड लावून मॉनिटरला फाटा दिलाय का? एसडीआयमध्ये टी अजिबात चालत नाही, फाट्यासाठी डिस्ट्रिब्युशन अॅम्प्लिफायर (डीए) हवा. केबल टायने इतकी आवळलीय का की तिचा गोल आकारच दबलाय? एवढं सगळं ठीक असेल तर साधारण मध्यावर एक रिक्लॉकिंग डीए टाका, किंवा त्या कॅमेऱ्यासाठी फायबर.

आणखी एक, कारण लक्षणं सारखी वाटू शकतात. १०८०पी/५० हे ३जीमध्ये लेव्हल ए किंवा लेव्हल बी अशा दोन पद्धतींनी भरलं जातं. राउटर दोन्ही तसंच पुढे सोडतो, पण रिसीव्हरला कधी कधी एकच समजतं. ठिपके नाहीत, सीआरसी स्वच्छ आणि तरी कायम काळं, असं असेल तर आधी लेव्हल बघा.

रॅकमागून

दोघांचेही आभार. मोजलं. सहाही कॅमेरे ०.५ मायक्रोसेकंदाच्या आत आहेत, दोन्ही सर्व्हर १ च्या आत. ग्राफिक्स ३ ओळी आधी येतंय. लॅपटॉपचा आकडा स्थिरच राहत नाही, सरकत राहतो. पॅच बे काढून थेट लावल्यावर ९५ मीटरवरच्या सीआरसी चुका बऱ्याच कमी झाल्या, पण शून्य झाल्या नाहीत, त्यामुळे तिथे रिक्लॉकिंग डीए टाकतो.

लॅपटॉपसाठी फ्रेम सिंक (चित्र साठवून रेफरन्सच्या वेळेवर पुढे देणारं यंत्र) घ्यायचा तर तो इनपुटला लावायचा की आउटपुटला?

डीएलई_एसटीएक्स

फ्रेम सिंकबद्दल वर उत्तर देणारे 'क्रॉसपॉइंट' सांगतील, मी तिसरा प्रश्न घेतो. १७ हा आकडा वाचल्याबरोबर कारण दिसतं.

एसडब्ल्यू-पी-०८ मध्ये मोजणी शून्यापासून असते. १७ वं डेस्टिनेशन म्हणजे १६, आणि १६ म्हणजे हेक्समध्ये १०. या प्रोटोकॉलमध्ये हेक्स १० हा डीएलई आहे, म्हणजे "आता नियंत्रणाची खूण येतेय" असं सांगणारा बाइट. मजकुरात तो आला तर दोनदा पाठवावा लागतो. तुमची स्क्रिप्ट तो एकदाच पाठवत असणार. राउटर त्यापुढचा बाइट नियंत्रणाचा समजून वाचतो आणि सगळा संदेश फेकून देतो.

एक पूर्ण उदाहरण देतो, सगळे बाइट हेक्समध्ये. सोर्स ५ ला डेस्टिनेशन १२ वर लावायचं, मॅट्रिक्स ० आणि लेव्हल ०:

१० ०२ | ०२ ०० ०० ०बी ०४ | ०५ | ईए | १० ०३

सुरुवातीला डीएलई-एसटीएक्स. मग ०२ म्हणजे "जोड" ही आज्ञा. पुढच्या बाइटच्या वरच्या अर्ध्यात मॅट्रिक्स आणि खालच्या अर्ध्यात लेव्हल. त्यानंतर गुणक, जो १२८ पेक्षा मोठ्या क्रमांकांसाठी लागतो, तुम्हाला तो कायम ००. मग डेस्टिनेशन ०बी, सोर्स ०४. डेस्टिनेशन आधी आणि सोर्स नंतर, हा क्रम बोलण्यातल्या क्रमाच्या उलटा आहे, त्यामुळे हात चुकतो. ०५ ही मजकुराची बाइट-संख्या. ईए म्हणजे चेकसम: मजकूर आणि बाइट-संख्या यांची बेरीज १६ (हेक्स) आणि तिचा टूज कॉम्प्लिमेंट ईए. शेवटी डीएलई-ईटीएक्स.

आता तोच सोर्स १७ व्या डेस्टिनेशनला:

१० ०२ | ०२ ०० ०० १० १० ०४ | ०५ | ई५ | १० ०३

डेस्टिनेशनचा १० दोनदा आलाय, पण बाइट-संख्या ०५ च राहिली आणि चेकसममध्येही तो एकदाच धरलाय. म्हणजे आधी मजकूर, संख्या आणि चेकसम तयार करायचे, आणि दुप्पट करण्याचं काम पाठवण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर. वाचताना याच्या उलट: आधी जोडीचे १० एक करायचे, मग चेकसम तपासायचा. हाच नियम बाइट-संख्येला आणि चेकसमलाही लागू आहे. तुमच्याकडे १७ वा सोर्सही अडत असेल, तपासून बघा. मोठ्या राउटरमध्ये क्रमांक १२८ ने भागून उरलेली बाकी पाठवतात, त्यामुळे तिथे १४५ वा सोर्ससुद्धा याच कारणाने अडतो.

आता चौथा प्रश्न. १० ०६ ही पोच आली म्हणजे संदेश धडपणे पोचला, एवढंच. क्रॉसपॉइंट बदलल्याची खात्री ०४ या "जोडलं" संदेशातूनच घ्यायची. तो लगेच येईल असंही धरू नका, कारण राउटर पुढच्या स्विचिंग ओळीची वाट बघतो आणि २५ फ्रेमच्या फॉरमॅटमध्ये ती ४० मिलिसेकंद लांब असू शकते. स्क्रिप्टची मुदत निदान २०० मिलिसेकंद ठेवा. ०४ आलाच नाही, किंवा जुन्याच सोर्सचा क्रमांक घेऊन आला, तर ते डेस्टिनेशन बहुधा प्रोटेक्ट केलेलं आहे, म्हणजे ते बदलायला इतरांना बंदी आहे. आज्ञा १० ने (ही दशमान) विचारा, ११ मध्ये प्रोटेक्ट कुणी केलंय त्या उपकरणाचा क्रमांक येतो. ते काढायचं काम त्याच उपकरणाकडून करून घ्या.

पोर्ट ३८४०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. आरएस-४२२ च्या जोड्यांवरची ए आणि बी ही नावं सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत, त्यामुळे सुरुवातीला कचरा बाइट आले तर एका जोडीतल्या दोन तारा उलटवून बघा.

टाय-लाइन

स्क्रिप्टबद्दल थोडी भर. दर सेकंदाला प्रत्येक डेस्टिनेशनची स्थिती विचारत असाल तर ते थांबवा. एक विचारणा १० बाइटची, म्हणजे ३८४०० ला २.६ मिलिसेकंद. ४० ला ते खपून जातं, पण ५१२ आउटपुटच्या राउटरला नुसते प्रश्न पाठवण्यातच १.३ सेकंद जातील आणि खरा टेक रांगेत अडकेल. जोडणी झाल्यावर एकदाच २१ (दशमान) ने पूर्ण टॅली (सगळ्या जोडण्यांची यादी) मागवा, नंतर राउटर स्वतःहून पाठवत असलेले ०४ ऐकत राहा. पॅनेलवरून कुणी बदल केला तरी तो त्यातून कळतो. आपण शेवटची जी आज्ञा दिली तीच स्थिती असणार, असं स्क्रिप्टने धरून चालणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. एका राउटरला बहुतेक वेळा चार-पाच ठिकाणांहून हात लागतो.

पाच-सहा आउटपुट एकाच फ्रेमवर बदलायचे असतील तर ०२ चे संदेश एकामागून एक पाठवू नका, ते दोन फ्रेममध्ये विभागले जातील. साल्व्हो वापरा: १२० (दशमान) ने सगळे क्रॉसपॉइंट गटात भरायचे आणि १२१ ने एकदम सोडायचे.

प्रोटेक्टबद्दल मात्र डीएलई_एसटीएक्स यांच्या सल्ल्याला एक पुस्ती. ज्या उपकरणाने प्रोटेक्ट केलं ते बंद पडलेलं असेल तर कंट्रोल सिस्टिमच्या कॉन्फिगरेशनमधून, ज्याला अधिकार आहे त्याच्या हातून काढून घ्या. स्क्रिप्टला सगळी प्रोटेक्ट तोडायची ताकद देऊन ठेवू नये. प्रसारणाची वाट असलेलं आउटपुट प्रोटेक्ट करतात ते याच अपघातांसाठी.

लाइन७

रेफरन्सबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. राउटरच्या रेफरन्स इनपुटला अनेकदा लूपचे दोन बीएनसी असतात. लूप पुढे नेत नसाल तर दुसऱ्यावर ७५ ओहमचं टर्मिनेशन लागतं. ते नसेल तर पातळी जवळपास दुप्पट होते, आणि चुकून दोन ठिकाणी लागलं असेल तर खूपच खाली येते. दोन्हीत राउटर कधी लॉक होतो, कधी नाही. रेफरन्स हरवला की बरेच राउटर तक्रार न करता आज्ञा येईल त्या क्षणी बदलतात, मग जेनलॉक कॅमेऱ्यांमध्येसुद्धा चित्र मधूनच तुटतं. तुमचे कॅमेरे स्वच्छ बदलतायत, तेव्हा सध्या ठीक आहे. तरी स्टेटस पानावर रेफरन्स हजर आहे आणि तो ५० चाच ओळखला गेलाय एवढं बघून ठेवा.

इंटरलेस्डमध्ये "दोन्ही फील्डवर" की "फक्त पहिल्या फील्डवर" अशी निवड असेल तर पहिलं फील्ड ठेवा. टेक २० मिलिसेकंदांनी उशिरा होऊ शकतो, पण डॉल्बी ई (व्हिडिओ फ्रेमच्या मापाने बांधलेला ऑडिओ) जात असेल तर त्याची फ्रेम मधून कापली जात नाही. आवाजातली बारीक टिकटिक मात्र यानेही जाणार नाही. दोन सोर्सचे एम्बेडेड ऑडिओ नमुने बदलाच्या क्षणी वेगवेगळ्या पातळीवर असतात, तो खटका काही मिलिसेकंदांच्या फेडनेच मिटतो, आणि फेड करायला ऑडिओ प्रोसेसिंग असलेलं आउटपुट कार्ड लागतं.

क्रॉसपॉइंट

ग्राफिक्सला फ्रेम सिंक नको. ते ३ ओळींवर स्थिर आहे, म्हणजे जेनलॉक झालेलं आहे, फक्त ऑफसेट चुकलाय. त्याच्या आउटपुट कार्डच्या सेटिंगमध्ये व्हर्टिकल ऑफसेट ३ ओळींनी उशिरा करा, मग हॉरिझॉन्टल बारीक जुळवा.

लॅपटॉपचा आकडा सरकतो, कारण तो स्वतःच्या क्रिस्टलवर चालतो. त्याला फ्रेम सिंकशिवाय पर्याय नाही, आणि तो इनपुटलाच लावा. एका सोर्सला एक सिंक लावला की तो सगळ्या आउटपुटना पुरतो. आउटपुटला लावलात तर प्रत्येक डेस्टिनेशनला वेगळा घ्यावा लागेल, आणि आधीच जुळलेल्या कॅमेऱ्यांनाही विनाकारण विलंब मिळेल. क्लीन-स्विच आउटपुट मिळतात, पण ते ऑन-एअर वाटेसारख्या एक-दोन ठिकाणांसाठी राखावेत.

सिंक घेण्याआधी लॅपटॉपची डिस्प्ले सेटिंग ५० हर्ट्झवर आणा. बहुतेक लॅपटॉप ६० वर असतात आणि कन्व्हर्टर तेच पुढे देतो. साधा फ्रेम सिंक ६० चं ५० करत नाही, त्यासाठी फ्रेम-रेट कन्व्हर्टर लागतो. फॉरमॅटही जुळला पाहिजे: १०८०आय वरून १०८०पी वर जाताना रिक्लॉकरला १.४८५ वरून २.९७ वर नव्याने लॉक व्हावं लागतं, तिथे ओळ ७ ची काहीच मदत होत नाही. तुमचा १०८०पी/५० चा स्टुडिओ इतर आउटपुटना द्यायचा असेल तर त्याचं १०८०आय रूपांतर करून ते वेगळ्या इनपुटवर आणा आणि पॅनेलवर त्याला स्वतंत्र नाव द्या.

सिंकमुळे लॅपटॉपचं चित्र एका फ्रेमपर्यंत, म्हणजे ४० मिलिसेकंदांपर्यंत मागे जाईल. एम्बेडेड आवाज तोच सिंक बरोबरीने मागे नेतो, एवढं त्याच्या सेटिंगमध्ये तपासून घ्या. लॅपटॉपचा आवाज हेडफोन जॅकमधून वेगळा मिक्सरला जात असेल, तर तिथे तेवढाच डिले हाताने लावावा लागेल.